शेवटची बाजू कोरी

मुहर्रकला, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत
दोन खुर्च्यांचं दुकान. एका खुर्चीचा पंप बसलेला.
भिंतीवर बलदियाचा कागद:
प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं, त्याच्यासमोर फोडून.
बरोबरच आहे. मी तसंच करतो.

खणात, फडक्यात गुंडाळलेला एकच वस्तरा.
तो माझा नाही, बू शाहीनचा.
त्याच्या बापाचा, मोत्यांच्या बोटीवरचा.
घरी ठेवला तर नातवंडं पेन्सिली तासतात,
म्हणून माझ्याकडे. दर गुरुवारी तो येतो,
टेकतो, डोळे मिटतो, म्हणतो, “शुवे शुवे.”

खिळ्याला चार पट्ट्या.
पहिलीला हिरवा मलम, सोनारगल्लीतला,
साबणाच्या वडीसारखा, घासून चढवायचा.
दुसरीला लाल, काव कालवल्यागत.
तिसरीला हिऱ्याची भुकटी:
इंजेक्शनच्या नळीत येते, दोन थेंब पुरतात,
अडीच दिनार, बायकोला सांगितलेलं नाही.
चौथी कोरी. तिला काही लावायचं नाही.
तिला फक्त तळहात लावायचा.

भिवातात्यांकडे हिरा नव्हता.
चुलीतली राख, धोतराच्या धडप्यातून तीनदा गाळलेली,
खोबरेलात मळून धोकटीत, शिंपल्यात भरून.
वस्तरा पलाटताना मला म्हणायचे,
पाठ पुढे, धार मागे.
उलटायचा तो पाठीवर,
झोपलेलं पोर कूस बदलतं तसा.
आणि मलमाला हात आखडता ठेव रे,
फार चोळलंस की धार गोल होते,
वाटते मऊ, कापत काही नाही.

इथे शमाल सुटला
की मी पट्ट्यांवर प्लास्टिक चढवतो.
वाळूचा एक कण चामड्यावर बसला
तर धारेला दात पडतात, आठवडा जातो काढायला.
राखही धूळ, हिराही धूळ,
दाराच्या फटीतून येते तीही धूळच.
दळण वेगळं, एवढंच.

मे महिन्यापासून बू शाहीन आला नाही.
जुलैत धाकटा आला, खमीस, गाडी चालूच ठेवून.
“बाबा म्हणतात, हज्जामला आण. त्यांचा वस्तरा घेऊन.”

त्या रात्री शटर ओढून बसलो.
हिरव्यावर वीस, लालवर वीस,
हिऱ्यावर दहाच,
कोऱ्यावर साठ.
मनगटावरचा केस कळायच्या आत पडला.

दवाखान्याच्या दारात कोवळा नेपाळी रखवालदार.
त्यानं वस्तरा उघडला, मिटला, ट्रेमध्ये ठेवला,
आणि पावती दिली: सुरी, एक.

नर्सनं निळा प्लास्टिकचा रेझर दिला, पाकिटातला.
मी अंगठ्यानं कातडी ताणली.
गाल इतका आत गेलेला
की फेस साचून राहत होता.
दोन ठिकाणी ओढलं गेलं. तो काही बोलला नाही.
पुसल्यावर बोटांच्या पाठीनं जबडा चाचपला.

“ज़ेन,” म्हणाला. “पण हे माझं नाही.”

मी पावती दाखवली.
चष्म्याशिवाय लांब धरून त्यानं ती वाचली,
मग हसला, खोकला येईपर्यंत हसला.
सुरी!
नर्स धावत आली.
पाणी प्यायल्यावर, डोळे मिटलेलेच,
“कोऱ्यावर किती?”
साठ.
“सत्तर कर.”

परतताना पावती दिली, वस्तरा घेतला.
खमीस गाडीत बोलला नाही, मीही नाही.
पुलावर दोन्हीकडे पाणी, पितळी रंगाचं.

त्यानंतर कुणी न्यायला आलेलं नाही,
कुणी काही सांगायलाही नाही.
गुरुवारी दिवे मालवायच्या आधी
खिळ्याखाली उभा राहतो.
आवाज आधी जाड येतो,
मग बारीक,
साठाच्या पुढे तर ऐकूच येत नाही,
मनात मोजावं लागतं.
मी चुकतो.
पुन्हा एकपासून.