जामीनदार

रात्री पावणेतीनला साखळीचा आवाज आला.
मी पडदा सारला तोवर
लेलंडचा पिकअप मागच्या दोन चाकांवर उभा राहून
आमच्या उतारावरून निघाला होता,
सर्कशीतल्या अस्वलासारखा, नाइलाजानं.
ओढून नेणाऱ्या पोरानं जाताना मला हात केला.
ओहायोच्या ह्या कोपऱ्यात लोक हात करतातच.

लेलंड तेव्हा नॉर्थ डकोटात, तेलाच्या विहिरींवर.
दोन हप्ते त्यानं धाडले,
तिसऱ्याला म्हणाला, पुढच्या शुक्रवारी नक्की.
कागदावर दुसरी सही माझी.
'नुसती औपचारिकता, मॅडम,' म्हणाला होता विक्रेता,
पेनाचं टोपण काढून देताना.

मला वाटलं, गाडी गेली, विषय गेला.
उसनी वाटी परत केल्यावर
साखरेचं कोण विचारतं?

त्यांनी विचारलं.
लिलावात ट्रक गेला सहा हजार चारशेला,
कर्ज उरलं होतं पंधरा हजार.
वर ओढून नेल्याचे, आवारात ठेवल्याचे,
धुतल्याचेसुद्धा.
विकण्याआधी त्यांनी तो धुतला होता
आणि त्या पाण्याचे पैसे माझ्याकडे.

समन्स आलं ते मी कूपनांच्या खणात ठेवलं,
साबणावर चाळीस सेंट सूट, त्याच्या खाली.
तारीख मंगळवारची. मंगळवारी माझी पाळी असते,
नर्सिंग होममध्ये मिस्टर ऑगस्टीनना आंघोळ घालायची.
मी त्यांच्या पाठीला फेस लावत होते
तेव्हा तीन मैलांवर कुणीतरी माझं नाव पुकारलं असेल,
बहुधा दोनदा.
एकतर्फी निकाल.
दुसरी तर्फ त्या वेळी टॉवेल शोधत होती.

चार वर्षं घर काही बोललं नाही.
छप्पर गळायला लागलं म्हणून बँकेत गेले,
तर काउंटरवरची मुलगी पडद्याकडे बघत
हळूच म्हणाली, 'घरावर बोजा दिसतोय.'
मला वाटलं, बर्फाबद्दल म्हणतेय.
मी म्हटलंही, 'हो, ह्या वर्षी फार पडला.'

कोर्टाच्या तळघरात दस्तांची खोली.
खिडकीमागे ग्वेनिथ, शाळेत माझ्यापुढे दोन इयत्ता.
तिनं माझी नोंद काढून दिली, आणि मग
न मागता एक जुनं रजिस्टरही उघडलं:
वडिलांचं गहाणखत. समासात तिरकं लिहिलेलं,
फेड झाली, १९६८.
खाली साक्षीदार म्हणून आई,
ज्या गोल अक्षरात ती मुरंब्याच्या बरण्यांवर साल लिहायची
त्याच अक्षरात.
हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.
घराला पूर्वीही एकदा धाप लागली होती तर.

'आधी लेखी घे,' ग्वेनिथ म्हणाली, 'पैसे मग.
आणि बोजा उतरवल्याचा कागद तूच आणून दे,
ते आणणार नाहीत.
चढवताना सगळे धावतात.'

वकिलाशी फोनवर घासाघीस केली, पायऱ्यांवर बसून,
जिथं सिग्नल येतो तिथं. चार हजार, एकरकमी.
तो म्हणाला सात. मी गप्प राहिले.
मिस्टर ऑगस्टीनकडून मी हे शिकलेय,
त्यांना औषध नको असलं की ते नुसते गप्प राहतात.
साडेचारला तो थांबला.

चेक लगेच वटला. कागद यायला बारा आठवडे लागले
आणि मधे माझी दोन रजिस्टर पत्रं.
चुरगळू नये म्हणून जेवणाच्या डब्याच्या झाकणात घालून नेला.
ग्वेनिथनं शिक्का मारला,
चौतीस डॉलर मागितले. तेही माझेच.

रविवारी लेलंडचा फोन. तिकडं वारा फार आहे म्हणाला.
मग, सहज आठवल्यासारखं:
'आई, त्या ट्रकमध्ये माझा हिरवा थर्मास राहिला होता.
त्यांनी सामान परत पाठवलं होतं ना, त्यात होता का गं?'

थर्मास ओट्यावर होता, माझ्या हाताशी.
'नाही रे,' म्हटलं, 'बाकीच्याबरोबर गेला असेल,'
आणि आवाज न करता झाकण फिरवून
दुसरा कप ओतला.