चार हजारापाशी

नाशिकरोडच्या रेकॉर्ड ऑफिसचं पत्र
आईने शेवयांच्या डब्यात ठेवलंय.
अप्पांचा डावा कान त्यांनी एका ओळीत उरकला:
सेवाकाळात नोंद नाही. वयोमान.
सुटून आले तेव्हा अप्पा एकोणचाळीस वर्षांचे होते.

म्हणून मी पुरावे गोळा करत फिरते.
शिंदखेड्याहून पहाटेची एसटी, मांडीवर फाइल,
फाइलमध्ये डिस्चार्ज बुक,
त्यातल्या नेमक्या त्या वर्षावर शाई फुटलेली.
धुळ्याला सैनिक कल्याणचे साहेब चहा देतात, म्हणतात,
ताई, बहिरेपण दिसतंच आहे,
कारण लागतं. आणि ते डॉक्टरच्या सहीने लागतं.
तोफ काही साक्षीला येत नाही.

गाव तर केव्हाचं साक्ष देतंय.
भटेसिंग हवालदारांना दोन हाका मारायच्या,
तिसरीला खांद्यावर हात ठेवायचा.
लग्नात लोक त्यांना मुद्दाम बँडजवळ खुर्ची देतात.
आई उन्हाळ्यात अंगणात खाट टाकते
ती कायम त्यांच्या उजवीकडे.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

एरंडोलला सुकलाल महाजन सापडले, त्याच तोफेवरचे.
प्रतिज्ञापत्र देतो म्हणाले. फोन लावून दिला.
"भटू, कसा शेस?"
"आँ?"
"कसा शेस रे!"
"हां, जेवनू, जेवनू!"
दहा मिनिटं गल्ली दणाणली.
एकाचंही दुसऱ्याला कळलं नाही,
फोन ठेवला तेव्हा अप्पांचे डोळे ओले आणि चेहरा खूश.

मग पांझरेच्या पुलापलीकडे डॉक्टर कुवरबाई.
काचेच्या खोलीत, हेडफोन लावून, हातात बटण धरून
अप्पा ओणवं करून उभ्या केलेल्या मुलासारखे आज्ञाधारक.
आवाज आला की दाबा.
बराच वेळ दाबलंच नाही.
मग भलत्याच वेळी दाबलं. पुन्हा दाबलं.
बाई म्हणाल्या, आता तर मी काहीच सोडलं नव्हतं.
अप्पा म्हणाले, "पन शिट्टी तं वाजीच राहिनी."
कधीपासून?
"तवयपासून."

तेवीस वर्षं आमच्या घरात एक शिट्टी वाजत होती.
आम्ही टीव्हीचा आवाज वाढवत होतो.

बाईंनी आलेख माझ्यापुढे सरकवला.
रेषा बरीच सरळ येते, चार हजारापाशी विहिरीत पडते,
आठ हजाराला थोडी वर येते.
त्या पेनाचं टोक विहिरीच्या तळाशी ठेवून म्हणाल्या,
वयाने गेलेला कान उतरत जातो, शेवटपर्यंत. तो असा वर येत नाही.
हे स्फोटाचं, तोफेचं वाटतं.
"निश्चित" लिहा ना, मी म्हटलं.
त्यांनी "अधिक शक्यता" लिहिलं.
आता वयही थोडं मिसळलंय, तेही लिहिलं.
राग आला मला. पण अक्षर इतकं स्वच्छ होतं,
प्रत्येक काना, मात्रा जागच्या जागी,
की मी तो कागद घडी न घालता
फाइलच्या पुठ्ठ्याला लावून धरला.

परतीच्या एसटीत मिळाली त्या सीटवर बसलो.
नरडाण्याच्या पुढे, मिरच्यांच्या ट्रकमागे गाडी अडली,
सगळे खोकत होते, तेव्हा अप्पा
खिडकीकडे बघत बोलायला लागले.
सुटताना बोर्डाने कानाची परीक्षा घेतली होती.
एक डॉक्टर सहा मीटरवर उभा, हळू आवाजात शब्द म्हणायचा,
आपण तो परत म्हणायचा.
रांगेत पुढे एक गढवाली होता,
त्याने सगळे शब्द आधीच सांगून ठेवले होते.
अप्पांनी पाठ केले. दहाच्या दहा बरोबर.
"घर येवानं व्हतं माले," म्हणाले.
"तू तीन वरीसनी व्हतीस."

मी काहीतरी बोलले त्यावर.
पण मी डावीकडे बसले होते.