स्थिर बिंदू क्रमांक चार

दर अवसेला, उजाडता उजाडता,
पाणी पार आत गेलेलं असताना
मी तळाशीलच्या टोकाला जाते.
सुरूच्या एका खोडात खिळा आहे, छातीच्या उंचीवर.
त्याला कॅमेऱ्याची कड टेकवायची.
डावीकडे खाडीपल्याड रेवंडीचा डोंगर,
उजवीकडे नुसता समुद्र, मध्ये वाळूची जीभ.
एकदाच दाबायचं.
खात्याच्या कागदावर याचं नाव: स्थिर बिंदू क्रमांक चार.
फोटोचे दीडशे रुपये. रिक्षा वेगळी.

पहिल्या वर्षाचे बारा फोटो
दुकानात काउंटरच्या काचेखाली लावले,
पासपोर्टच्या नमुन्यांशेजारी.
गिऱ्हाइकं विचारत, एकच फोटो बारा वेळा कशाला?
नीट बघा, मी म्हणायचे.
कार्तिकात जिथे होडी उपडी आहे
तिथे चैत्रात गुडघाभर पाणी आहे.
ते हो हो म्हणत,
झेरॉक्स घेऊन जात.

पावसाचे महिने सोडले
तर प्रत्येक फोटोत मधोमध एक धुरकट डाग.
ती शेवंती गिरप.
त्या उजेडात शटर आठवा हिस्सा सेकंद तरी उघडं लागतं,
आणि तेवढ्यात ती वाकते, सुंगटं पसरते,
कावळ्यावर शंख भिरकावते.
तिचा हात कधीच हातासारखा आला नाही.
एकदा पंख्यासारखा आला,
एकदा एकाच हाताला दोन कोपरं.

बाबांचा धंदा "हलू नका"वर चालला.
मेलेल्या माणसांचे फोटो काढायलाही त्यांना बोलवत.
पापणीसुद्धा लवत नाही, ते म्हणत,
आणि मग पैसे घेताना खाली बघत.

मी शेवंतीला म्हटलं, मावशे, एक क्षण थांब ना.
ती म्हणाली, "थांबूक मी काय मेलंय?
मी हलतंय म्हणान फोटो हललेलो येता.
खरो तोच."

साहेबांचं पत्र आलं:
चौकटीत व्यक्ती नको, मोजणीत अडथळा येतो.
मग एका माघातली शेवंती मी पुसली.
शेजारची वाळू उचलून तिच्यावर घातली, माउसने, मूठ मूठ.
फोटो स्वच्छ झाला. साहेबांना आवडला.
मला मात्र तेव्हापासून
सगळ्या फोटोंत तोच हललेला दिसतो.

तिसऱ्या वर्षी आषाढातल्या उधाणात सुरू गेला,
खिळ्यासकट.
मी खड्ड्याच्या काठावर उभी,
कॅमेरा हातात, टेकवायला काही नाही.
फोन केला: साहेब, स्थिर बिंदू वाहून गेला.
पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले, "त्याचा फोटो पाठवा."

कशाचा, ते मी विचारलं नाही.
समुद्राचा पाठवला.

दिवाळीच्या अवसेला परत गेले.
शेवंतीने आपली जागा वीसेक पावलं मागे घेतली होती,
कुणाला न विचारता, कागदाशिवाय.
पाटी कमरेला लावून ती निघाली
आणि माझे हात तिच्याबरोबर निघाले,
तिच्याच चालीने, डावीकडून उजवीकडे,
शटर उघडं असेपर्यंत.

घरी येऊन पडद्यावर बघितलं.
ती आली होती. अख्खी.
नाकातली फुली, पाटीच्या काठाची उसवलेली वीण,
मनगटावर चिकटलेला एक खवला.
आणि बाकी सगळं, डोंगर, खाडी, जीभ,
आडव्या रेघांत ओघळून गेलेलं,
धावत्या एसटीतून दिसतं तसं.

तोच पाठवला खात्याला.
दीडशे रुपये अजून आलेले नाहीत.

एक प्रत तिला नेऊन दिली.
ओले हात पदराला पुसून तिने ती कडांनी धरली,
लांब केली, जवळ आणली.
"ही मी आसंय, ता बरा.
पण गो, डोंगर खंय गेलो?"

आहे की तिथेच, मी म्हटलं,
आणि दोघींनी वळून बघितलं.