वीस मिलिमीटर

इद्वालची सदुसष्ट सालची ट्रायम्फ.
मूळ टायर सायकलचे वाटावेत असे.
"वळणावर मागचा भाग सुळकन निसटतो," म्हणाला,
"जरा पाय फाकवून उभी कर तिला."

रुंद टायर आले बर्मिंगहॅमहून,
आणि बशीएवढ्या चार ॲल्युमिनियमच्या चकत्या.
जुने स्टड अपुरे. ठोकून काढले, लांब बसवले.
मडगार्डच्या ओठापासून रबरापर्यंत
माझं बोट जात होतं, अंगठा नाही.
"बोट पुरे," तो म्हणाला.

ब्लायनाऊच्या स्लेटखाणींवरच्या घाटात
गाडी रस्त्याला गोचिडीसारखी चिकटायची.
एप्रिल ते सप्टेंबर, एक ओरखडा नाही.

काल बहिणीला, नेस्टाला, बसथांब्यावर सोडायला निघाला,
आणि पहिल्याच खड्ड्यात डावीकडून
खर्रर्र.
जळक्या रबराचा वास घेऊन परत आला.

मी खाली आडवा झालो, बॅटरी धरली.
कडेवर काळी भुकटी, टायरच्या खांद्यावर चकचकीत वळ.
"त्या सीटवर वजन आलं की स्प्रिंग दबते.
याआधी कोण बसलं होतं डावीकडे?"

तो जुडग्यातल्या किल्ल्या मोजत राहिला.
मायर जाऊन चौथं वर्ष.
माप मीच घेतलं होतं,
रिकाम्या सीटसकट.

चकत्या काढू का, विचारलं.
नको म्हणाला, ओठ आत वळव.
संध्याकाळभर लाकडी दांड्याने कड रेटली,
एके जागी रंगाला तडा गेला.
मग तपासायला वजन हवं म्हणून
सिमेंटची दोन पोती ठेवली डाव्या सीटवर.

इद्वालने त्यांना पट्टा लावला.