फलकावर आठ ओळी मावतात

ग्रामपंचायत ठराव क्रमांक बावीस:
बाजारतळाच्या तोंडाशी गावाचा इतिहास लिहावा,
फलक सहा बाय चार,
मजकूर लिपिकाने गोळा करावा.
लिपिक म्हणजे मी.

अश्फाक पेंटर म्हणाला, ताई, आठ ओळी.
त्यापुढं अक्षर बारीक होतं,
आणि बारीक अक्षर
नाशिकहून येणाऱ्या एसटीतून वाचता येत नाही.

दप्तरात नुसत्या पावत्या.
गुरामागं आणा, टोपलीमागं पैसा,
आणि एका वर्षी, ओळीनं सात शनिवार,
‘बाजार भरला नाही’.
कारण लिहिलेलं नाही.
वाळवीनं पान खाल्लं,
ते तीन शब्द तेवढे ठेवले.

हस्तीमल शेठ म्हणाले, गाव आमच्या गिरणीमुळं.
पहिला भोंगा वाजला
तेव्हा दारणेपलीकडच्या म्हशी दावं तोडून पळाल्या.
भोंगा आता गंजलाय. मागं तुसाचा ढीग आहे,
त्यावर एरंड माजलाय माणूसभर.

ऑगस्टीन मामा म्हणाले, कसली गिरणी?
घाट चढून दमलेलं इंजिन इथं पाणी प्यायचं,
म्हणून गाव.
आणि कोळशाचा एक कण दाखवला,
डाव्या भुवईत, कातडीखाली,
चाळीस वर्षं तिथंच असलेला.

परटाच्या घाटावरचा दगड म्हणे वीरगळ.
वरून गुळगुळीत. पालथा आहे.
साबणाच्या पाण्यात हात घालून
खालून चाचपलं तर घोड्याची मान लागते,
पुढं एक हात. हातात काय आहे
ते कुणालाच लागलेलं नाही अजून.

हैबती दलालानं माझ्या हातावर उपरणं टाकलं,
आत बोटं धरली:
ही एवढी, वर ही एवढी. कळलं?
नाही कळलं.
मग लिव्हणार काय, म्हणाला,
आणि उपरणं झटकून खोंडाकडं वळला.

ठमाबाई डोंगरावरून उतरते,
करटुली, शेवळं, पळसाच्या पानावर वाटे.
गाव कशानं झालं मला ठावं नाय.
आमी उतरतो म्हून बाजार हाय.
सासूची जागा ही चिंचेखालची,
तिच्या आदी कोनाची, ते चिंचेला इचार.
चिंच तोडून बारा वर्षं झाली.
ती अजून बुंध्यापाशीच बसते,
सावलीत बसावं तसा
पदर डोक्यावरून मागं टाकून.

शेवटी रावजी मापाडी.
पितळी पायलीचा काठ झिजून कागद झालाय.
तांदूळ ओतत म्हणाला:
लाभ.
दोन.
तीन.
मी विचारलं, एक का नाही म्हणत?
त्यानं पाहिलं माझ्याकडं,
मी चपला घालून देवळात शिरल्यासारखं.
शेजारी नातवाचा काटा
लाल आकड्यांत गप्प मोजत होता.

वही भरली. मासिक सभेत ठरलं:
वर ‘सहर्ष स्वागत’,
खाली सरपंच, उपसरपंच, सदस्य,
त्यांच्या चार ओळी.
उरल्या तीन.
नदी, गिरणी, रेल्वे.

अश्फाक म्हणाला, तीन ओळींना आकडे टाकू?
टाक म्हटलं. पहिल्या ठिकाणी
‘लाभ’ लिही.
तो ब्रश धरून थांबला थोडा,
मग अब्बाही तसंच मोजायचे म्हणाला,
आणि लिहिलं, जरा मोठंच.

ग्रामसेवकांनी विचारलं, हे काय?
मी म्हटलं, पेंटरची चूक.
अश्फाकनं मान खाली घातली,
दोन अक्षरांचे पैसे बिलात लावले नाहीत.

आता शनिवारी सकाळी
फलकाची सावली
चिंचेच्या बुंध्याच्या अलीकडं हातभर पडते.
ठमाबाई सरकत नाही.