कौ.

डबा श्रीखंडाचा, एक किलोचा,
ढोकेंच्या तृषालीच्या साक्षगंधातला.
आचाऱ्याने तीस डबे मोकळे केले,
मांडवामागे ढीग लावला,
आणि आमच्या गल्लीतल्या बायांनी तो उचलला
भांडण न करता, म्हणजे थोडंच करून.
कौतिकाने आपल्या वाट्याच्या डब्यावर
लाल नेलपॉलिशने लिहिलं: कौ.
पुढचं नाव लिहायला
बाटलीत रंग उरला नव्हता.

माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा
आत अंबाडीची भाजी,
वर लसणाची फोडणी, झाकणाला घाम.
रिकामं भांडं परत देत नाहीत
हे कोणी शिकवावं लागत नाही.
घासला, उन्हात पालथा घातला,
ज्वारीच्या कण्या भरून पाठवला.
मूगवड्या घेऊन आला. बोरं घेऊन गेला.
हळदीने तळ पिवळा झाला,
कितीही राखेनं घासा,
तो आता त्याचाच रंग.

मग नालीवरून झालं.
तिचं पाणी माझ्या गोठ्यापुढे,
की माझं तिच्या ओट्याखाली,
सरपंचाला दोनदा आणून दाखवलं,
त्यालाही उमगलं नाही.
बोलणं बंद.

पण डबा माझ्याकडेच राहिला होता,
फळीवरून लाल अक्षराने बघत.
ठेवून घ्यावा तर चोरी,
रिकामा द्यावा तर वळण मोडतं,
भरून द्यावा तर नाक खाली.
सात दिवस त्यात मी काही ठेवलं नाही,
मीठसुद्धा नाही.
आठव्या दिवशी चिंच भरली.
काय समजायचं ते समजेल.
दोन दिवसांनी कुंपणाच्या काट्यांवर सापडला,
आत भिवापुरी मिरची, देठासकट.
चारचौघांत मी हसले नाही.
चुलीपाशी हसले.

मंगळवारी भंगारवाला येतो,
लुनाला दोन पोती, हँडलला लसणाच्या जुड्या.
माझा ढीग त्याने चाळला, एकेक नखाने वाजवला.
जाड वाजलं ते पोत्यात.
दिग्रसच्या स्टँडवरून येणारे
आलुबोंड्याचे, साऊजी रश्श्याचे
पातळ, काळे, चुरचुरणारे, ते बाजूला.
"हे कोनीच घेत नाही, बाई.
कंपनी घेत नाही, माती घेत नाही."
एखाद्या बिघडलेल्या स्थळाबद्दल बोलावं तसं बोलला.

पूर्वी ते मी चुलीत घालायचे.
पटकन पेटायचे, निळे, नाचरे.
मग भाकरीला दिवसभर तोच वास
आणि सासऱ्यांना रात्रभर खोकला.
आम्ही दोष तंबाखूला दिला.

मग त्याचा हात कौ.वर गेला.
"याच्या दोन गड्ड्या लसन."
"तो माझा नाही."
"मंग कोनाचा?"
मी कुंपणाकडे पाहिलं.
पलीकडे ती झाडत होती,
म्हणजे झाडू एकाच जागी फिरत होता.
"देऊन नको टाकू वो,"
ती झाडूला म्हणाली,
"बूड शाबूत हाय त्याचं."

चौदा महिन्यांतलं पहिलं वाक्य.
मी लसूण विकत घेतला, रोख.

परवा रस्सा आणायला
घरचाच स्टीलचा डबा घेऊन गेले.
हॉटेलातला पोरगा डब्याकडे, मग माझ्याकडे,
मग मालकाकडे बघत राहिला.
"पॅकिंगचे पाच रुपये कमी करू काय?"
म्हटलं, कर ना बाप्पा.
बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसले,
साडीतून चटका लागत होता,
झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलेलं,
शेजारची बाई विचारत होती,
कोणाले घेऊन चालली वो डबा, दवाखान्यात?

नाली अजून तशीच वाहते.
कौ. सध्या तिकडे आहे, माझं तिखट घेऊन.
झाकण हरवलंय.
कोणाच्या घरी हरवलं,
यावर आमचं रोज सकाळी
कुंपणापाशी जोरात बोलणं चालू आहे.