डावखुऱ्या रेघा

नाणं वाजवून घ्यावं, म्हणतात आपल्याकडे.
फोटो वाजत नाही.
झेन्सव्हिलच्या फेब्रुवारीत, चार वाजताच विझणाऱ्या उजेडात
मी चष्म्यावर भिंग धरून बसते
आणि पडद्यावरचा एक चांदीचा डॉलर
दोन बोटांनी ताणत नेते,
इतका, की त्यावरच्या बाईच्या गालाचं
माळरान होतं.

पाठवलाय व्हर्ना होलबनं, नदीपलीकडून.
"वडिलांचा आहे. किती ग्रेड म्हणाल?"
सहा फोटो. चार हललेले.
एकात तर नाण्यापेक्षा
ओट्यावरची इन्सुलिनची बाटली स्पष्ट.

एकतीस वर्षं मी एक्स-रे काढले,
श्वास रोखा म्हणाले, सोडा म्हणाले.
फिल्ममध्ये दिसायचं सगळं मला, पण बोलायचे डॉक्टर;
काढणारीनं बोलायचं नसतं.
आता बोलते. नाण्यांबद्दल बोलायला
कुणाची परवानगी लागत नाही.

साल १८८४, मागे छोटा 'ओ': न्यू ऑर्लिन्सची टाकसाळ.
कानावरचे केस सपाट आहेत,
पण ती झीज नाही, ठसाच हलका बसलेला.
जन्मखूण आणि जखम
यांत गल्लत करायची नसते.

आणि रंग! डाव्या कडेला चंद्रकोरीसारखा
आधी पेंढ्याचा पिवळा, मग डाळिंबी,
मग मोरपंखी, तोही काठाला काळपट.
क्रम बरोबर आहे. गंधक घाई करत नाही,
पायऱ्या मोजत चढतं.
बटाट्यात खुपसून भट्टीत भाजलेली नाणी पाहिलीत मी,
पिवळ्यावरून थेट निळ्यावर उडी मारतात,
चोरी अंगावर आल्यासारखी.
हे तसलं नाही. हे कुठल्या तरी कागदात
अंधारात पडून पडून झालंय.

पण चमक? चमक फिरवून बघायची गोष्ट,
फोटोत ती उभ्याउभ्या मरते.
मी लिहिलं: दिवा बंद करा, खिडकीशी जा,
नाणं तिरकं धरा, अजून थोडं, अजून.
(श्वास रोखा, हे तेवढं लिहिलं नाही.)

मग आला तो फोटो.
नाण्याच्या मोकळ्या भागात व्हर्नाचा फोन, काळा चौकोन,
आणि गालावर, अगदी हनुवटीपर्यंत,
केसाहून बारीक रेघा. सगळ्या एकाच अंगाला झुकलेल्या.
कुणीतरी पुसलंय हे. एकदा नाही,
पुन्हा पुन्हा, त्याच हातानं.

आमच्याकडेही दिवाळीआधी निरांजनं घासत,
रांगोळीनं, करकर आवाज करत,
आणि लखलखलं की सगळे म्हणत, नवं दिसतंय.
चांदी तेव्हा काय म्हणत होती
ते मला साठीनंतर कळलं.

व्हर्नाला विचारलं, सहज, जुन्या खोडीनं:
वडील डावखुरे होते का?

बराच वेळ काही नाही.
मग: "हो. रविवारी शर्टाच्या बाहीला पुसायचे.
तुम्ही ओळखत होता त्यांना?"

काय सांगू. मी लिहिलं, एकसष्ट. फार तर बासष्ट.
रेघा नसत्या तर चौसष्ट, हेही लिहिलं
आणि पाठवण्याआधी खोडलं.

आणखी एक गोष्ट दिसली होती, ती मात्र लिहिली नाही:
रंग रेघांच्या वरून गेलाय.
म्हणजे आधी पुसणं,
मग एका कुठल्या तरी रविवारी ते थांबलं,
आणि त्यानंतर नुसताच रंग
वर्षानुवर्षं, कोणाचा हात न लागता.
का थांबलं, हे विचारायचा खाना
ग्रेडच्या तक्त्यात नाही.

"डिपमध्ये बुडवून पांढरं करू?" असं तिनं विचारलं,
त्याला मात्र लगेच उत्तर दिलं: मुळीच नको.

सकाळी सातवा फोटो आला.
नाणं तिच्या तळहातावर, बोटं अर्धी मिटलेली,
फोकस नाही, उजेड पिवळा, कड कापलेली.
ग्रेडसाठी निरुपयोगी.
पुसला नाही मी तो.